क्लबच्या गोल्फ सहलीसाठी किनाऱ्यावरचे नऊ होलचे मैदान : एक परीक्षण

आमच्या क्लबात गोल्फ खेळणाऱ्यांपेक्षा गोल्फबद्दल कुतूहल असणाऱ्यांची संख्या नेहमीच मोठी राहिली आहे. क्लब कुडाळ-सावंतवाडी भागातला. सभासदांमध्ये लष्करातून आणि नौदलातून निवृत्त झालेले काहीजण आहेत आणि त्यांनी हा खेळ छावणीच्या मैदानावर आत्मसात केलेला आहे. बाकीचे डॉक्टर, बागायतदार, शिक्षक आणि बँकेतले निवृत्त अधिकारी यांनी चेंडू मारून पाहिला आहे तो सुट्टीत पुण्या-मुंबईला मुलांकडे गेले असताना, सरावाच्या जागेवर. अशा मिश्र मंडळींची एक अनौपचारिक गोल्फ सहल काढावी, असा ठराव गेल्या पावसाळ्यातल्या बैठकीत झाला आणि व्यवस्था माझ्याकडे आली. जानेवारीच्या अखेरीस आम्ही बावीस जण समुद्रालगतच्या एका विश्रामधामाच्या नऊ होलच्या मैदानावर जाऊन आलो. त्यांपैकी सोळा जण खेळले आणि सहा जण सोबतीला होते. त्या मैदानाविषयी आणि तिथल्या सेवेविषयी हे परीक्षण आहे. आमच्या काही तक्रारी व्यवस्थापनाने मान्य केल्या असून त्या दूर करण्याचे कबूल केले आहे. त्यांना तेवढी संधी मिळावी म्हणून मैदानाचे नाव येथे लिहीत नाही.

चांगला खेळाडू मैदान पाहतो तो ग्रीनची (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीची) गती, फेअरवेची (ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याची) लांबी आणि बंकरांची (वाळूच्या खड्ड्यांची) मांडणी यांवरून. क्लबची सहल नेणाऱ्या माणसाला तेवढ्याने भागत नाही. आमच्या सोळा खेळाडूंमध्ये हँडिकॅप (कौशल्यानुसार मिळणाऱ्या सवलतीच्या फटक्यांचा अधिकृत आकडा) असलेले फक्त सात होते आणि उरलेल्या नऊ जणांपैकी चौघांनी खऱ्या मैदानावर पाऊल ठेवलेलेच नव्हते. त्यामुळे माझी कसोटी एकच होती : गटातल्या सर्वांत कच्च्या खेळाडूची सकाळ आनंदात गेली की मागच्यांचा खोळंबा होतो आहे या संकोचात गेली? या कसोटीला हे मैदान बहुतांशी उतरले, आणि जिथे उतरले नाही तिथे दोष मैदानाचा नव्हता, कार्यालयाचा होता.

दिवस ठरवण्यापासून सुरुवात करते, कारण आपल्याकडे निम्मी सहल तिथेच जमते किंवा बिघडते. रविवारी मैदान विश्रामधामाच्या पाहुण्यांनी भरलेले असते. शनिवार घ्यावा, तर आमच्यातली निम्मी माणसे सोमवार, गुरुवार आणि शनिवार मासे खात नाहीत, आणि समुद्रकाठी जाऊन मासळीचे जेवण टाळायला कोणी तयार नव्हते. म्हणून शुक्रवार निवडला. आठवड्यातला कामाचा दिवस असल्यामुळे दरही कमी लागले. महिना जानेवारीच हवा होता, कारण फेब्रुवारीचा भरवसा देता येत नाही. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगात ठरलेली नसते, देवीचा कौल झाल्यावरच ती जाहीर होते. आणि एकदा जाहीर झाली की चाकरमान्यांमुळे गाड्या भरून जातात, आणि सहलीला यायचे असलेल्या सभासदांच्या घरीही पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. मार्चपासून ऊन सोसत नाही, जून ते सप्टेंबर पाऊस असतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचे दहा-अकरा आठवडेच अशा सहलीला खरे उपयोगाचे आहेत, आणि त्यातही नाताळ व नववर्ष यांचा पंधरवडा दरांमुळे सोडून द्यावा लागतो.

आरक्षणासाठी फोन केला तेव्हा मैदानाच्या वेळापत्रकाचे काम पाहणाऱ्या गृहस्थांशी बोलणे झाले, आणि तिथेच या जागेबद्दल माझे मत चांगले झाले. नऊ होलच्या मैदानावर चार-चार जणांचे चार गट एकामागून एक सोडले, तर शेवटच्या गटाला टीजवळ, म्हणजे होलचा पहिला फटका मारण्याच्या जागेजवळ, निदान अर्धा तास ताटकळावे लागते, आणि पहिला गट नवखा असेल तर मागे रांग लागते. आम्ही विचारण्याआधीच त्यांनी सुचवले की, शुक्रवारी सकाळी पाहुणे कमी असल्याने चारही गट एकाच वेळी पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या होलवरून सुटावेत. या पद्धतीला शॉटगन स्टार्ट म्हणतात. १९५६ मध्ये अमेरिकेतील वॉला वॉला येथील एका क्लबात बंदुकीचा बार काढून सर्वांना एकदम सुरुवात करून दिली होती, त्यावरून हे नाव पडले. आमच्या वाट्याला बंदुकीऐवजी शिट्टी आली, पण व्यवस्था तीच. हिचा खरा लाभ नवख्यांना होतो. पहिल्या टीवर पंधरा जणांच्या नजरेसमोर पहिला फटका मारण्याची वेळ कोणावर येत नाही, फक्त आपल्या गटातले तिघे पाहत असतात.

आम्ही आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला गेलो होतो. जानेवारीच्या अखेरीस इथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणून सव्वासातची वेळ मागितली होती आणि ती मिनिटाचाही उशीर न होता मिळाली. लवकरच्या वेळेचा आग्रह धरण्यामागे उन्हाइतकेच वाऱ्याचे कारण होते. रात्रीचे मतलई वारे पहाटे मंदावलेले असतात आणि खारे वारे जमीन तापल्यावर सुरू होतात; मधले दोन-अडीच तास किनाऱ्यावर पानही हलत नाही. नवख्यांसाठी हीच वेळ. ग्रीनवर मात्र दव होते. चेंडूच्या मागे ओली रेघ उमटत होती आणि पुट, म्हणजे ग्रीनवरचे हलके फटके, अर्ध्यात थांबत होते. ज्यांना हे ठाऊक नव्हते त्यांना कॅडींनी, म्हणजे खेळाडूंच्या पिशव्या वाहणाऱ्या मदतनिसांनी, पहिल्याच ग्रीनवर ‘जरा जोरात’ म्हणून सांगून ठेवले.

खेळाची पद्धत आम्हीच ठरवून नेली होती आणि ती मैदानाच्या कर्मचाऱ्यांनी मनापासून राबवली, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. एकूण फटके मोजण्याच्या नेहमीच्या पद्धतीत नवख्या माणसाचा एका होलवर बारा-तेराचा आकडा झाला की त्याची सगळी सकाळ वाया जाते. त्यापेक्षा स्टेबलफर्ड पद्धत बरी. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी शोधलेली ही पद्धत १९३२ मध्ये वॉलसी येथे प्रथम स्पर्धेत वापरली गेली. हँडिकॅपची सवलत वजा करून पारइतके (त्या होलसाठी ठरवून दिलेल्या संख्येइतके) फटके झाले तर दोन गुण, एक फटका जास्त झाला तर एक, दोन किंवा अधिक जास्त झाले तर शून्य. पारपेक्षा एक कमी झाला तर तीन आणि दोन कमी झाले तर चार. वाईट होलची शिक्षा शून्यापलीकडे जात नाही.

हँडिकॅप नसलेल्या नऊ जणांना आम्ही जागतिक हँडिकॅप पद्धतीतली कमाल मर्यादा, म्हणजे ५४, दिली. नऊ होलसाठी तिची निम्मी म्हणजे २७, म्हणजेच प्रत्येक होलवर तीन फटके सवलत. चार पारच्या होलवर अशा खेळाडूने सात फटक्यांत चेंडू होलमध्ये घातला तरी त्याला दोन गुण, आणि आठव्या फटक्यालाही चेंडू आत गेला नाही तर तो उचलून पुढच्या होलकडे चालायचे. हा ‘उचला’ नियम वेळ वाचवतो आणि माणसाची लाजही राखतो. चारजणांच्या गटातील उत्तम दोघांचे गुण प्रत्येक होलवर संघाच्या खात्यात धरले. प्रत्येक गटात हँडिकॅप असलेला निदान एकजण होता. तरीही तीन होलवर संघाला गुण मिळाले ते नवख्यांच्या सवलतीमुळे, आणि त्या वेळी झालेला आनंद पाहण्यासारखा होता.

येथे मैदानाची एक उणीव सांगणे भाग आहे. त्यांच्या स्कोअरकार्डावर होलची लांबी आणि पार आहेत, पण स्लोप रेटिंग, म्हणजे मैदान साधारण खेळाडूला तुलनेने किती अवघड जाते त्याचा आकडा, छापलेले नाही. ते असते, तर प्रमाण मानलेल्या ११३ या आकड्याशी त्याची तुलना करून प्रत्येकाच्या हँडिकॅपनुसार या मैदानावरची सवलत नीट काढता आली असती. आम्ही नुसते निम्मे करून वेळ मारून नेली. सहलीसाठी ते चालले. दोन क्लबांचा सामना असता तर चालले नसते.

मैदान स्वतः देखणे आहे आणि भाबडेही नाही. तीन पारचे तीन होल असल्यामुळे नवख्यांना दर थोड्या वेळाने आशा वाटत राहते. नवख्यांसाठीच्या पुढच्या टी खरोखर पुढे आहेत. काही ठिकाणी असतात तशा केवळ नावापुरत्या चार पावलांवर नाहीत. जमीन जांभ्याची असल्याने पाणी साचत नाही, आणि गवत खाऱ्या हवेला टिकणारे आहे. सहावा होल समुद्राच्या बाजूने जातो. उजवीकडे सुरूची रांग, तिच्यापलीकडे वाळू आणि लाटांचा आवाज. सुरूच्या सुयांच्या थरात चेंडू दिसेनासा होतो आणि आमचे सर्वांत जास्त चेंडू तिथेच गेले. चेंडू शोधण्याची मुदत २०१९ पासून पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आली आहे. हरवल्यावर मागे जाऊन पुन्हा मारण्याऐवजी, दोन दंडाचे फटके मोजून फेअरवेच्या कडेला चेंडू टाकून पुढे जाण्याची सोयही त्याच वर्षीपासून स्थानिक नियम म्हणून लावता येते. आम्ही ती लावली होती. हा नियम मैदानावर पाटी लावूनच जाहीर करावा अशी सूचना मी करून आले आहे, कारण या एका होलवर तो नसेल तर सारा खेळ तुंबेल.

बंकरांबद्दल चांगले लिहिता येत नाही. वाळू जाड आहे, तळाशी खडे लागतात आणि पाच बंकरांमध्ये मिळून वाळू सारखी करण्याचे दातेरी दांडे दोनच दिसले. नवखा खेळाडू एकदा आत उतरला की तीन-चार फटके मारतो आणि जाताना शेत नांगरल्यासारखी जागा मागे ठेवून जातो. त्यात त्याचा दोष नाही, पण मागून येणाऱ्याचा चेंडू त्याच खड्ड्यात पडतो. आमच्यातल्या जाणत्यांनी पायाने वाळू ओढून काम चालवले.

पाचव्या होलचा फेअरवे ओलांडून गावकऱ्यांची समुद्राकडे जाणारी जुनी वहिवाट आहे. मैदानाने ती बंद केलेली नाही, ही गोष्ट मला सर्वांत आवडली. वाटेच्या दोन्ही टोकांना लाकडी फाटके आहेत आणि खेळ चालू असताना तिथे लाल निशाण घेतलेला एक माणूस उभा असतो. पाट्या घेऊन चाललेल्या बायका आल्या की निशाण वर होते आणि खेळणारे थांबतात. आमच्या एका नवख्या सभासदाचा फटका भलतीकडे गेला तेव्हा वाट रिकामी होती ती या माणसामुळेच. अनेक वर्षे खेळलेल्या आमच्या कर्नलसाहेबांनी परतताना त्या माणसाचे मुद्दाम आभार मानले.

कॅडी आठ मिळाले, म्हणजे दोघांमागे एक. सगळे आसपासच्या वाड्यांतले, आणि मैदानाची खडान्‌खडा माहिती असलेले. माझ्या गटाबरोबर होते ते गृहस्थ पन्नाशीचे होते. दहाच्या सुमारास शेवटच्या ग्रीनवर त्यांनी सुरूच्या शेंड्यांकडे पाहिले आणि आमच्या सर्वांत ज्येष्ठ सभासदांना म्हणाले, “काका, वारो आता फिरतलो.” पंधरा मिनिटांत तसेच झाले. दुसऱ्या फेरीला उतरलेल्या दहा जणांना ते चांगलेच जाणवले; पहिल्या फेरीत आठ नंबरच्या आयर्नने (लोखंडी टोकाच्या काठीने) ग्रीनवर गेलेला चेंडू समोरच्या खाऱ्या वाऱ्यात त्याहून लांब मारणारे सहा नंबर घेऊनही अलीकडेच पडू लागला, आणि दव वाळल्याने पुट मात्र पळू लागले. एकाच मैदानावर तीन तासांत दोन वेगळे खेळ मिळाले. दुसऱ्या फेरीसाठी आम्ही स्क्रँबल ठेवले होते : सर्वांनी मारायचे, त्यांतला उत्तम चेंडू निवडायचा आणि पुढचा फटका सर्वांनी तिथूनच मारायचा. वाऱ्यात ही पद्धत नवख्यांना फार सोयीची पडते.

कॅडींच्या मेहनतान्याबाबत मात्र मला स्पष्टपणे लिहावे लागेल. आरक्षणाच्या वेळी ‘कॅडीचे पैसे पॅकेजमध्ये धरलेले आहेत’ असे सांगण्यात आले होते. खेळ संपल्यावर सहज विचारले, तेव्हा त्या पैशांतला काही भागच त्यांच्या हाती पडतो आणि तोही महिनाअखेरीस, असे कळले. आम्ही प्रत्येक कॅडीला वेगळे तीनशे रुपये दिले. रक्कम मोठी नाही. परंतु ज्यांच्या ज्ञानावर सगळी सकाळ उभी राहिली, त्यांना काय मिळते हे पाहुण्याला आधी कळले पाहिजे आणि बिलावर ती रक्कम वेगळी दिसली पाहिजे. व्यवस्थापकांनी हे मान्य केले आहे.

दुसरी तक्रार त्याहून गंभीर आहे. आमच्या एक सभासद डावखुऱ्या आहेत. आरक्षण करताना मी दोनदा विचारले होते आणि दोन्ही वेळा डावखुऱ्यांसाठी क्लबांचा, म्हणजे गोल्फच्या काठ्यांचा, संच आहे, असे उत्तर मिळाले होते. सकाळी सात वाजता तो संच नव्हता. भाड्याचे सहा संच व्यवस्थित होते, पकड नवी होती, पिशव्या स्वच्छ होत्या, पण सहाही उजव्या हाताचे. बरीच शोधाशोध होऊन एक डावखुरे सात नंबरचे आयर्न तेवढे मिळाले, आणि दोन्ही बाजूंनी वापरता येणारा एक पुटर. बाईंनी तक्रारीचा शब्द काढला नाही. नियमाने चौदा क्लब नेता येतात. त्यांनी दोनांवर नऊ होल पूर्ण केले आणि चौदा गुण मिळवले, जे नवख्यांमध्ये दुसऱ्या क्रमांकाचे ठरले. त्यांच्या खेळाचे कौतुक वेगळे आणि कार्यालयाची चूक वेगळी. ‘नाही’ असे आधी सांगितले असते, तर आमच्या कर्नलसाहेबांनी त्यांच्या ओळखीतून संच मागवून घेतला असता. फोनवर मिळालेल्या होकारावर मी विसंबले, हीही माझी चूकच. यापुढे अशी प्रत्येक गोष्ट लेखी घेईन.

न खेळणाऱ्या सहा जणांची काळजी मला जास्त होती, कारण अशा सहलीत ही मंडळी चार तास खुर्चीवर बसून कंटाळतात. येथे त्यांच्यासाठी सरावाच्या ग्रीनवर तासभर पुटिंगची शिकवणी ठेवली होती. शिकवणारा तरुण मराठीत बोलत होता आणि हातात काठी कशी धरावी इथपासून सांगत होता. अवघ्या १०८ मिलिमीटर व्यासाचा तो होल दुरून किती लहान दिसतो, हे स्वतः उभे राहिल्याशिवाय कळत नाही. एका निवृत्त शिक्षिकांना तर पुटिंगचा असा लळा लागला की, न्याहारीसाठी त्यांना दोनदा बोलवावे लागले. यासाठी वेगळे पैसे घेतले नाहीत.

न्याहारीला घावणे, काळ्या वाटाण्याची आमटी आणि कोकम सरबत होते, आणि ती पहिल्या फेरीनंतर लगेच, गरम मिळाली. दुपारच्या जेवणाला पाऊण तास उशीर झाला. बांगडा ताजा होता, सोलकढी उत्तम होती. पण सकाळपासून उन्हात चाललेल्या साठी-सत्तरीच्या माणसांना पावणेदोनपर्यंत बसवून ठेवणे योग्य नाही, आणि त्यांच्यापैकी तिघांना औषधांच्या वेळा सांभाळायच्या होत्या. स्वयंपाकघराला खेळ संपण्याची वेळ कोणी कळवलीच नव्हती, असे चौकशीत दिसले. वेळापत्रक पाहणाऱ्या त्याच गृहस्थांकडे हेही काम दिले तर प्रश्न सुटेल.

खर्चाचे म्हणाल तर दोन्ही फेऱ्या, कॅडी, एका रात्रीचा मुक्काम आणि दोन वेळचे खाणे धरून खेळणाऱ्याला दरडोई ५,८०० रुपये आले, एकच फेरी खेळणाऱ्याला त्यात ९०० कमी, आणि न खेळणाऱ्याला ३,४००. भाड्याच्या संचाचे ६०० वेगळे. बसचा खर्च आम्ही क्लबच्या सहल निधीतून केला. या दरांत मिळालेले मैदान आणि माणसे यांचा विचार करता मला ही रक्कम रास्त वाटते. सोळा ते वीस खेळाडूंचा गट असेल, त्यात नवखे बरेच असतील आणि शुक्रवार किंवा बुधवार जमत असेल, तर ही जागा मी कोणत्याही क्लबाला सुचवेन. केवळ हँडिकॅपवाल्यांच्या चुरशीच्या सामन्यासाठी मात्र नाही. बंकर आणि स्कोअरकार्ड सुधारेपर्यंत तरी नाही.

डिसेंबरच्या पहिल्या बुधवारसाठी आम्ही पुन्हा वीस जणांची नोंदणी केली आहे. या वेळच्या पत्रात जेवणाची वेळ साडेबारा लिहून घेतली आहे, कॅडींचे पैसे वेगळ्या ओळीत आहेत, आणि डावखुऱ्या संचासमोर त्यांच्या शिक्क्यासह ‘उपलब्ध’ असे लिहून आले आहे. संच कोणत्या बनावटीचा आहे आणि त्यात किती क्लब आहेत, हे विचारणारे दुसरे पत्र मी कालच पाठवले.